कोऱ्या कागदावरची मोहोर : ख्वाजा महमूद गवान

(बी. कॉम. द्वितीय वर्ष)

आपल्या बिदर जिल्ह्यात महमूद गवान हे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी सापडणार नाही. शाळेच्या सहलीत आपण सर्वांनी त्याचा मदरसा पाहिलेला असतो. निळ्या-हिरव्या फरशांनी मढवलेल्या त्या एकुलत्या एक उभ्या मिनारापुढे रांगेत उभे राहून फोटोही काढलेला असतो. पुढे इतिहासाच्या परीक्षेत त्याच्यावर टीप लिहावी लागते : बहमनी राज्याचा वजीर, त्याच्या सुधारणा, त्याचा मदरसा आणि १४८१ साली झालेला त्याचा वध. पाच गुणांची टीप संपते आणि तिच्याबरोबर तो माणूसही आपल्यापुरता संपतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. राजांच्या लढाया आणि सनावळ्या हा काही माझा प्रांत नव्हे. जमाखर्च, पावत्या, प्रमाणके, सही आणि शिक्का हे आमचे विषय. पण नेमक्या याच कारणामुळे महमूद गवानच्या चरित्राने मला ओढून घेतले. कारण हा थोर पुरुष रणांगणावर पडला नाही, रोगाने गेला नाही की म्हातारपणाने गेला नाही. त्याचा जीव घेतला तो त्याच्या स्वतःच्या खऱ्या मोहोरेने. मोहोर खरी होती, मजकूर खोटा होता, आणि सुलतानाने मोहोर पाहिली, मजकूर कोणी लिहिला हे पाहिले नाही. एका राज्याचे भवितव्य त्या एका कागदापायी फिरले. ही हकीकत आपल्या भागातली आहे आणि आजही आपल्या उपयोगाची आहे, म्हणून ती येथे मांडत आहे.

गिलानचा व्यापारी

महमूद गवानचा जन्म १४११ च्या सुमारास इराणमधील गिलान प्रांतात झाला. कास्पियन समुद्राकाठचा हा हिरवागार मुलूख. गवान हे त्याच्या गावाचे नाव, तेच पुढे त्याला चिकटले. घराणे मानाचे होते. पूर्वजांनी तिथल्या राजांच्या पदरी मोठ्या जागा भोगल्या होत्या. पण दरबार म्हटला की हेवेदावे आलेच. घराण्यावर दरबाराची इतराजी झाली, तेव्हा महमूदने देश सोडला. अन्य राजांकडे जागा मिळत असतानाही त्याने चाकरी धरली नाही, व्यापार धरला. मालाबरोबर तो देशोदेशी हिंडला आणि जिथे जाई तिथल्या विद्वानांना भेटे. एका हातात तराजू आणि दुसऱ्या हातात पुस्तक, असा हा विरळा व्यापारी होता.

१४५३ च्या सुमारास, वयाची चाळिशी उलटल्यावर, तो दाभोळच्या बंदरात उतरला. आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातले दाभोळ हे त्या काळी बहमनी राज्याचे भरभराटीचे बंदर होते. समुद्रापलीकडून येणारे घोडे याच किनाऱ्यावर उतरत. बिदरला जाऊन शाह मुहिबुल्ला या सत्पुरुषाचे दर्शन घ्यावे आणि पुढे दिल्ली गाठावी, असा महमूदचा बेत होता. परंतु बिदरचा सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद याने त्याची योग्यता ओळखली आणि त्याला ठेवून घेतले. एक हजार स्वारांची सरदारकी दिली. नलगोंड्याकडे बंडाळी झाली, तिच्यावर त्यालाच पाठवले. दिल्ली राहिली ती राहिलीच. परका व्यापारी बिदरचा झाला.

पुढच्या सुलतानाने, म्हणजे हुमायूनशहाने, त्याला मलिक-उत-तुज्जार हा किताब दिला. त्याचा अर्थ व्यापाऱ्यांचा प्रमुख. ज्या राज्यात व्यापाऱ्यांच्या नावाने एवढा मोठा किताब होता, त्या राज्याला व्यापाराचे मोल नक्कीच कळत असले पाहिजे. १४६१ साली हुमायून वारला आणि गादीवर आठ वर्षांचा निजामशहा आला. मूल गादीवर आहे असे पाहताच ओरिसाचा गजपती आणि माळव्याचा महमूद खलजी चालून आले. त्या बिकट प्रसंगी राजमाता, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गवान या तिघांनी कारभार सांभाळला. गुजरातच्या महमूद बेगड्याची मदत वेळेवर आणून गवानने राज्य तारले. निजामशहाही १४६३ मध्ये वारला आणि त्याचा धाकटा भाऊ तिसरा महंमदशहा सुलतान झाला. तोही बालकच. पुढे ख्वाजा जहान मारला गेला, राजमातेने कारभारातून अंग काढून घेतले आणि १४६६ च्या सुमारास सर्व सूत्रे महमूद गवानच्या हाती आली. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे बहमनी राज्य म्हणजे महमूद गवान असेच समीकरण होते.

तलवार आणि मोजणीची दोरी

त्याच्या लढायांचे वर्णन येथे थोडक्यात आटोपतो. १४६९ ते १४७२ या काळात तो कोकणात होता. संगमेश्वर आणि खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, हा सारा डोंगराळ आणि दाट जंगलाचा मुलूख. काही वर्षांपूर्वी याच जंगलात बहमनी फौजेची कत्तल उडाली होती. गवानने घाई केली नाही. पावसाळा आला तेव्हा कोल्हापूरच्या बाजूला गवती झोपड्या घालून फौज थांबवली आणि पाऊस उघडल्यावर पुन्हा काम सुरू केले. १ फेब्रुवारी १४७२ रोजी विजयनगरच्या ताब्यातले गोवा बंदर त्याने घेतले. १४७२-७३ मध्ये बेळगावचा किल्ला पडला. दाभोळ आणि गोवा अशी दोन्ही बंदरे हाती आल्यावर बहमनी राज्य या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत पसरले.

पण माझ्या मते त्याचे खरे मोठेपण तलवारीत नव्हते, कारभारात होते. एवढे मोठे राज्य फक्त चार सुभ्यांत विभागलेले होते. त्यांना तरफ म्हणत आणि त्यांच्यावरचा अधिकारी तो तरफदार. एकेक तरफ एवढी अवाढव्य की तरफदार म्हणजे छोटा सुलतानच. गवानने चारांच्या आठ तरफा केल्या. वऱ्हाडाच्या गाविलगड आणि माहूर, दौलताबादच्या दौलताबाद आणि जुन्नर, गुलबर्ग्याच्या गुलबर्गा आणि विजापूर, तेलंगणाच्या राजमहेंद्री आणि वरंगळ. पूर्वी तरफेतले सगळे किल्ले तरफदाराच्या हाती असत. गवानने त्याच्याकडे एकच किल्ला ठेवला. बाकीच्या किल्ल्यांवर किल्लेदार नेमण्याचा हक्क सुलतानाकडे घेतला. प्रत्येक तरफेतले काही परगणे थेट सरकारी खजिन्याला जोडले.

फौजेच्या पगाराचीही तीच गोष्ट. पाचशे स्वारांसाठी सरदाराला वर्षाला एक लाख होन मिळत, ते त्याने सव्वा लाख केले. हजार स्वारांसाठी दोन लाखांचे अडीच लाख केले. परंतु कागदावर पाचशे आणि प्रत्यक्षात चारशे, असा प्रकार आढळला तर कमी भरलेल्या स्वारांचा पैसा कापून घेतला जाई. पगार वाढवायचा आणि हजेरीही काटेकोर घ्यायची, ही पद्धत आजच्या व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकात शोभण्यासारखी आहे. जमिनीची मोजणी करून, गावांच्या शिवा ठरवून त्यावर सारा बसवण्याचे कामही त्याने हाती घेतले.

या साऱ्यामागे एकच सूत्र दिसते. कोणा एकाच्या हाती बिनतपासणीची सत्ता राहू द्यायची नाही. आमच्या अंकेक्षणाच्या पुस्तकात याला अंतर्गत नियंत्रण म्हणतात. पैसे घेणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा. हे तत्त्व गवानला कोणी शिकवले नव्हते, ते त्याच्या व्यापाऱ्याच्या बुद्धीतूनच आले असावे. मात्र या सुधारणांनी ज्यांचे हात बांधले गेले, ते गप्प बसणारे नव्हते.

दोन तट

त्या वेळच्या बिदर दरबारात दोन तट होते. येथेच पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले ते दखनी, आणि इराण, तुराण, अरबस्थानातून आलेले ते आफाकी, म्हणजे परदेशी. दोघांमध्ये विस्तव जात नसे. गवान स्वतः परदेशी, तरी त्याने तोल सांभाळण्याचा प्रयत्न केला. नव्या तरफा वाटताना दखनी, हबशी आणि परदेशी अशा सगळ्यांना त्याने जागा दिल्या. तरीसुद्धा दखनी सरदारांचा म्होरक्या मलिक हसन निजाम-उल-मुल्क बहरी याचे समाधान झाले नाही. हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, असे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. अखंड तेलंगणाची सुभेदारी त्याला हवी होती, आणि तिचे तर दोन तुकडे झाले होते.

याच काळात अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी घोडा विकायला बिदरात आला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात मलिक-उत-तुज्जारबद्दल लिहून ठेवले आहे. रोज पाचशे माणसे त्याच्या वाड्यात जेवतात, तबेल्यात दोन हजार घोडे आहेत, रात्री शंभर हत्यारबंद लोक पहारा करतात, असे तो सांगतो. आपल्या शेजारच्या आळंदच्या जत्रेत भरणाऱ्या घोड्यांच्या बाजाराचेही त्याने वर्णन केले आहे. सरदारांची श्रीमंती आणि रयतेची गरिबी, दोन्ही त्याच्या नजरेतून सुटलेली नाही. त्याने पाहिला तो वजिराचा बाहेरचा थाट. वजिराचे घरातले राहणे कसे होते, हे मात्र त्याच्या मृत्यूनंतरच जगाला कळायचे होते.

पत्रलेखनाचा आचार्य

महमूद गवानला विद्येचे वेड होते. १४७२ मध्ये बिदरचा मदरसा पुरा झाला. ही तीन मजली इमारत २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद आहे. तिथे तीन हजार ग्रंथांचा संग्रह होता. इराणातला प्रसिद्ध कवी जामी याला गवानने बिदरला बोलावले होते. तो आला नाही, पण दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला. पुढे औरंगजेबाच्या काळात, १६९५-९६ च्या सुमारास, तिथे साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग उडाला. आज आपण पाहतो ते उरलेले.

आता एक विलक्षण गोष्ट सांगतो. गवानने फारसीत दोन ग्रंथ लिहिले. रियाज-उल-इन्शा हा त्याच्या पत्रांचा संग्रह, आणि मनाझिर-उल-इन्शा हा पत्र कसे लिहावे याचे शास्त्र सांगणारा ग्रंथ. म्हणजे पत्रलेखनाचा हा आचार्यच. त्याची पत्रे दूरदूर जात. तुर्कस्थानचा सुलतान दुसरा महंमद यालाही त्याने पत्रे लिहिली. हा तोच सुलतान, ज्याने १४५३ मध्ये, गवान दाभोळला उतरला त्याच सुमारास, कॉन्स्टँटिनोपल जिंकून जुने बायझंटाइन साम्राज्य संपवले.

ज्या शहरात गवानची ही पत्रे पोहोचत होती, त्या शहराचा मोहोरेशी फार जुना संबंध होता. बायझंटाइन साम्राज्यात सरकारी अधिकारी आणि चर्चचे अधिकारी आपल्या पत्रांना शिशाच्या मुद्रा लावत. मुख्य धर्मगुरू, शहरोशहरीचे बिशप, धर्मपीठाचे दप्तर सांभाळणारा अधिकारी, अशा प्रत्येकाची मुद्रा वेगळी. शिशाच्या छोट्या चकतीत आरपार भोक असे. पत्र बांधलेली दोरी त्यातून ओवत आणि चिमट्यासारख्या लोखंडी साच्यात धरून चकती दाबत. दोन्ही बाजूंना ठसा उठे. एका अंगाला बहुधा माता मेरीची किंवा एखाद्या संताची आकृती, दुसऱ्या अंगाला अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दा. पत्रे सडून गेली, पण शिसे टिकले. अशा मुद्रा आज हजारोंनी सापडतात. अमेरिकेतील डंबार्टन ओक्स या एकाच संस्थेकडे सुमारे सतरा हजार आहेत. कित्येक बिशपांची नावे आज केवळ त्या चकतीमुळेच ठाऊक आहेत.

पण मित्रहो, इथे विचार करण्यासारखी एक बाब आहे. मुद्रा टिकली आणि पत्र नाहीसे झाले, तर आपल्याला काय कळते? पाठवणारा कोण एवढेच कळते. त्याने काय लिहिले होते, ते कळत नाही. मुद्रा माणसाची साक्ष देते, मजकुराची देत नाही. शिशाची असो, लाखेची असो की शाईची असो, कन्नडमध्ये तिला मुद्रे म्हणा की मोहरु म्हणा, प्रत्येक मोहोरेचा हाच गुण आणि हाच दोष. आणि या दोषावर बोट ठेवूनच गवानच्या वैऱ्यांनी डाव मांडला.

तो कागद

१४८१ च्या वसंतात सुलतान महंमदशहा दक्षिणेची मोहीम काढून कांचीपर्यंत जाऊन आला होता. त्याची छावणी आंध्रात कोंडपल्लीला होती. निजाम-उल-मुल्कच्या पक्षातील दोघांनी, झरीफ-उल-मुल्क दखनी आणि मिफ्ताह हबशी यांनी, गवानच्या मोहोरदाराशी मैत्री वाढवली. हा मोहोरदार हबशी होता. त्याला त्यांनी नजराणे दिले, दारू पाजली. एके दिवशी तो नशेत असताना त्यांनी एक घडी केलेला कागद पुढे केला. हा आमच्या एका स्नेह्याच्या हिशेबाचा कागद आहे, कचेरीतल्या इतर अधिकाऱ्यांच्या मोहोरा त्यावर झाल्या आहेत, तेवढी वजिराची राहिली आहे, असे त्याला सांगितले. मोहोरदाराने घडी उलगडली नाही. दाखवलेल्या जागी त्याने मोहोर उमटवली. आत कागद कोरा होता.

हिशेबाचा कागद! वाणिज्याच्या विद्यार्थ्याने हे वाक्य दोनदा वाचावे. इतरांनी तपासले आहे, तुम्ही फक्त शिक्का मारा, हे शब्द आजही कोणत्याही कचेरीत रोज ऐकू येतात.

त्या कोऱ्या कागदावर मग मजकूर लिहिला गेला. ओरिसाच्या राजाला महमूद गवानचे पत्र : सुलतान दारूत बुडाला आहे, रयत जुलमाला कंटाळली आहे, राजमहेंद्रीकडची सीमा मोकळी आहे, आपण चालून यावे, मग राज्य आपण दोघे वाटून घेऊ, असा त्याचा आशय. योग्य वेळ साधून आणि निजाम-उल-मुल्क हजर असताना, ते पत्र वाटेत पकडल्याचे सांगून सुलतानापुढे ठेवण्यात आले. सुलतानाने मोहोर ओळखली. त्याने गवानला तातडीने बोलावणे धाडले.

गवानच्या हितचिंतकांना वास लागला होता. आज जाऊ नका, असे त्यांनी विनवले. घोडेस्वार तयार आहेत, गुजरातकडे निघून चला, असेही सुचवले. त्याने ऐकले नाही. ज्या घराण्याची सेवा करता करता दाढी पांढरी झाली, त्याच्याच सेवेत ती रक्ताने लाल झाली तर त्यात मानच आहे, अशी त्याची भावना होती.

सुलतान मद्याच्या धुंदीत होता. धन्याशी बेइमानी करणाऱ्या नोकराला कोणती शिक्षा द्यावी, असे त्याने विचारले. गवानने उत्तर दिले की अशा नोकराला तलवारच. सुलतानाने पत्र पुढे केले. ते पाहून वृद्ध वजिराने सांगितले की मोहोर माझी आहे, परंतु हा मजकूर माझा नाही, मला याची काहीही माहिती नाही.

यापेक्षा नेमका बचाव कोणता असू शकतो? मोहोर खरी असणे आणि पत्र खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने एका वाक्यात सांगितले. अक्षर कोणाचे, मोहोर कोणाच्या ताब्यात असते, ती केव्हा उमटली, पत्र घेऊन कोण निघाला होता, यांपैकी एकाही प्रश्नाची चौकशी त्या दिवशी झाली नाही. सुलतान उठून आत गेला आणि जौहर नावाच्या हबशी गुलामाला त्याने हुकूम दिला. ५ एप्रिल १४८१ रोजी, सत्तरी गाठलेल्या महमूद गवानचा शिरच्छेद झाला.

दोन पेट्या

वजिराला मारल्यावर त्याची अफाट दौलत हाती लागेल, असे सुलतानाला वाटत होते. त्याने गवानच्या खजिनदाराला बोलावून जाब विचारला. तेव्हा जे बाहेर आले, ते फेरिश्ताने लिहून ठेवले आहे. वजिराचे दोन खजिने होते. एक सरकारी. जहागिरीचे उत्पन्न त्यात येई आणि फौज, घोडे, हत्ती यांवर खर्च होई. त्यात थोडी शिल्लक होती आणि ती सुलतानाचीच होती. दुसरा खजिना गरिबांचा. त्यात अवघ्या तीनशे लारी निघाल्या. लारी म्हणजे चांदीची तार दुमडून केलेले नाणे, कोकण किनाऱ्यावर त्या काळी चाले.

मग एवढा मोठा वजीर स्वतः कशावर जगत होता? इराणातून येताना त्याने चाळीस हजार लारींचे भांडवल आणले होते. वजीर झाल्यावरही ते व्यापारात गुंतवलेले होते. त्याच्या नफ्यातून तो स्वतःचे अन्नवस्त्र भागवी. उरलेला नफा दानधर्मात आणि मायदेशी राहिलेल्या आप्तांकडे जाई. दिवसाला दोन लारी एवढाच त्याचा खाजगी खर्च. जेवण मातीच्या भांड्यात शिजे आणि निजायला चटई. निकितीनने पाहिलेल्या त्या पाचशे पानांच्या पंगती वजिराच्या होत्या. चटई महमूद गवानची होती.

पुस्तपालनाच्या पहिल्याच तासाला आम्हाला शिकवतात की धंदा वेगळा आणि मालक वेगळा, घरखर्च धंद्याच्या वहीत लिहू नये. ते तत्त्व आम्ही परीक्षेपुरते पाठ करतो. हा माणूस ते साडेपाचशे वर्षांपूर्वी जगत होता, आणि जगाला त्याचे हिशेब पटले ते त्याचे डोके उडाल्यावर.

खजिनदाराचे बोलणे ऐकून सुलतानाचे डोळे उघडले. त्याने पश्चात्ताप केला आणि शव सन्मानाने बिदरला पाठवले. पण उशीर झाला होता. परदेशी सरदार आणि कित्येक दखनी सरदारसुद्धा छावणीत सुलतानाजवळ यायला धजेनात. वर्ष पुरे व्हायच्या आत, मार्च १४८२ मध्ये, महंमदशहा मरण पावला. निजाम-उल-मुल्कही १४८६ मध्ये मारला गेला. पुढे काही वर्षांतच राज्याची पाच शकले झाली : निजामशाही, आदिलशाही, इमादशाही, कुतुबशाही आणि आपल्या बिदरची बरीदशाही.

यातून काय शिकावे

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. महमूद गवान निर्दोष होता, पण त्याच्या व्यवस्थेत एक भोक राहिले होते. त्याने तरफदारांना किल्ल्यांचा हिशेब द्यायला लावला, सरदारांना स्वारांचा हिशेब द्यायला लावला. पण त्याची स्वतःची मोहोर एका माणसाच्या हाती होती आणि त्या माणसावर दुसऱ्या कोणाची नजर नव्हती. सगळ्यांवर तपासणी बसवणाऱ्याच्या शिक्क्यावर मात्र तपासणी नव्हती. आणि सर्वांत वर बसलेल्या सुलतानावर तर कोणाचीच नव्हती.

मराठेशाहीच्या पत्रांत या दोषावर एक सुंदर तोड दिसते. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की लगेच खाली दुसरी लहान मुद्रा उमटवत. तिला मोर्तब म्हणत. मजकुराची मर्यादा इथे संपली, याच्यापुढे कोणी काही लिहिले तर ते आमचे नव्हे, असा तिचा अर्थ. आपण सहज बोलतो तो शिक्कामोर्तब हा शब्द यातूनच आला. शिक्का माणसाची साक्ष देतो, मोर्तब मजकुराची. कोंडपल्लीच्या त्या कागदाला शिक्का होता, मोर्तब नव्हते.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. तीही बिदरच्याच बादशहाची. दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केल्याबद्दल त्यांना पकडून आणले, तेव्हा विठोबा महाराचे रूप घेऊन बिदरला आला, धान्याची रक्कम भरली आणि पावती घेऊन गेला, अशी ती कथा. भक्ताला सोडवायला आलेल्या देवालाही पावती घ्यावीशी वाटली, यात आपल्या लोकांचे शहाणपण आहे. एका कागदाने दामाजीपंत सुटले. एका कागदाने महमूद गवान गेला.

आणि हे सगळे जुने झाले असे कोणी समजू नये. माझ्या आजोबांनी पेरणीसाठी एका सावकाराकडून पैसे घेतले होते. त्याने कोऱ्या स्टँप कागदावर त्यांचा अंगठा घेतला. आकडा नंतर भरू, विश्वास आहे ना, असे म्हणाला. आकडा त्याने नंतर खरोखरच भरला. विहिरीजवळची दोन एकर काळी जमीन त्या आकड्यात गेली. अंगठा माझाच आहे पण एवढे पैसे मी घेतले नव्हते, हे आजोबा शेवटपर्यंत सांगत राहिले. महमूद गवानचा बचाव मी प्रथम वाचला, तेव्हा मला तो नवा वाटला नाही. आमच्या ओसरीवर मी तो कितीदा तरी ऐकला होता.

खटकचिंचोळीसारख्या गावांतून आलेले आपण विद्यार्थी उद्या बँकेत, पतसंस्थेत, पंचायतीच्या कचेरीत किंवा आडत दुकानात कामाला लागू. कोणी शिक्का सांभाळील, कोणी चेकवर सही करील, कोणी शेतकऱ्याचा अंगठा घेईल. त्या वेळी घडी केलेला कागद पुढे आला, तर तो उलगडून वाचण्याची सवय आपल्याला असली पाहिजे. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला तो वाचून दाखवला पाहिजे, त्याला कळेल त्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये. दोन भाषा येणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढे तरी केलेच पाहिजे.

बिदरच्या दक्षिणेला गोरनळ्ळीजवळ महमूद गवानची कबर आहे. वर घुमट नाही, भिंती नाहीत, उघड्या आभाळाखाली एक साधा चौथरा आहे. बहमनी सुलतानांचे उंच उंच घुमट अष्टूरला आहेत, ते पाहायला गर्दी होते. पुढच्या वेळी मदरसा पाहायला जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करून तिकडेही जाऊन या.